मुंबईतल्या जुन्या इमारतीत हॉल आणि स्वयंपाकघरामधली नऊ इंची भिंत पाडता येईल का?

कंत्राटदाराच्या शब्दावर तर अजिबात पाडू नका. लोड बेअरिंग इमारतीत, म्हणजे खांबांऐवजी भिंतींवरच उभ्या असलेल्या इमारतीत, नऊ इंची भिंत बहुधा वरच्या मजल्यांचं वजन पेलत असते. साडेचार इंची असली तरी निर्धास्त होऊ नका. आडव्या भिंती लांब भिंतींना बाजूने आधार देतात, आणि वीटकामाचं मानक आयएस १९०५ हा आधार हिशेबात धरतं.

आधी महापालिकेकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भिंत उघडायची झालीच तर तो लोखंडी गर्डरचं गणित करेल. गर्डरची टोकं थेट जुन्या विटांवर टेकवायची नाहीत, खाली भार पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा (बेड ब्लॉक) लागतो. गर्डरखालच्या भिंतीवर आणि पायावर एकवटणारा भारही तपासावा लागतो, आणि नेमकं हेच राहून जातं. टेकू दिल्याशिवाय एक वीटही काढू नये.

महापालिकेची परवानगी आणि सोसायटीची लेखी संमती कामाआधीच घ्या. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल आधी वाचा.

जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं.