डिझायनर लेबलचा महागडा सूट खरंच त्या किमतीचा असतो का?

बहुतेक वेळा नाही. पैसे लेबलला नको, आतल्या कामाला द्या.

दुकानात कोटाचं खालच्या बटणाजवळचं कापड चिमटीत धरा आणि आतलं अस्तर अलगद बाजूला ओढा. मधे आणखी एक सुटा थर बोटांना लागला तर तो कॅनव्हास, म्हणजे लोकर किंवा सुतात घोड्याचे केस विणलेलं कापड. वापरता वापरता तो तुमच्या छातीचा आकार घेतो. तसा थर नसेल तर बकरम, म्हणजे कोटाला ताठपणा देणारं आतलं कापड, गोंदाने चिकटवलेलं असतं. माझ्या लग्नातला सूट चांगला नावाजलेल्या ब्रँडचा, पण तिसऱ्या ड्रायक्लीनिंगला गोंद सुटून छातीवर फुगे आले. फार वाईट वाटलं हो!

लोकरी कापडावर ‘सुपर १५०’ वाचूनही भुलू नका. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे. सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आकडा वाढला की कापड मऊ होतं, पण झिजतंही लवकर. रोज ऑफिसला घालणार असाल तर १०० ते १२० भरपूर झालं.

आणि खांदा बसत नसेल तर सूट तिथेच ठेवा. कंबर, बाही कुठलाही शिंपी सावरून देईल, खांद्याला मात्र अख्खा कोट उसवावा लागतो. त्यापेक्षा चांगलं लोकरी कापड घ्या आणि दोन ट्रायल देणाऱ्या शिंप्याकडे जा.