किल्ल्यावरची चित्रे कशी जमवावीत

दिवाळीच्या किल्ल्यासाठी चित्रांचा, म्हणजे मातीच्या छोट्या मूर्तींचा, अख्खा संच एकदम विकत घेण्याची घाई करू नये, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. सिंहासनावरील महाराज आणि दोन-चार पहारेकरी एवढ्यावर पहिले वर्ष उत्तम निभावते. पुढे ‘किल्ल्याच्या पायथ्याचे गाव’ असा विषय ठरवून तो आजी, मामा, आत्या यांच्या कानावर घातला, की पुण्याच्या कुंभारवाड्यात ज्याचे जाणे होईल तो कधी भाता ओढणारा लोहार आणतो, तर कधी जात्यावर बसलेली बाई. चित्रांची उंची मात्र आधीच सांगून ठेवावी. तरीही एखादे मोठे चित्र आलेच, तर मायेने दिलेली ती वस्तू बाजूला सारू नये. ते पुढे पायथ्याशी मांडावे आणि लहान मावळे वर तटावर ठेवावेत, म्हणजे किल्ला अधिकच उंच भासतो. प्रत्येक चित्राच्या तळाशी देणाऱ्याचे नाव व साल पेन्सिलने लिहावे. किल्ल्यावर पेरलेल्या हळिवावर पाणी शिंपडण्यापूर्वी मातीची चित्रे उचलून घ्यावीत, कारण ओलीने प्रथम पायांचा रंग सुटतो. दिवाळीनंतर ती सावलीत वाळवून, सुती चिंध्यांत गुंडाळूनच खोक्यात भरावीत.