वाचकांचे प्रश्न : पेटी ओली, हवा कोरडी

प्रश्न : आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिल येथे राहतो. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी बॉल पायथन (अजगराच्या कुळातला साप) आणला. त्याची काचेची पेटी चार फूट लांब असून वर जाळीचे झाकण आणि एका टोकाला उष्णतेचा दिवा आहे. हिवाळा सुरू झाला की त्याची कात अखंड निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी सुटते. या वेळी तर एका डोळ्यावर जुना पापुद्रा तसाच राहिला आहे. दिवसातून तीन-चार वेळा पाणी फवारले तरी काचेवर चिकटवलेल्या आर्द्रतामापकाचा काटा ऐंशीपर्यंत चढतो आणि तासाभरात तिशीवर येतो. कोणीतरी सुचवले म्हणून तळाचा भुसाच पूर्ण भिजवला, तर आता पोटाखालचे काही खवले लालसर दिसू लागले आहेत. आर्द्रता नेमकी किती असावी आणि ती टिकवावी कशी?

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत तातडीची बाब पोटाखालच्या लालसर खवल्यांची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. ओल्या जागेवर दिवसरात्र पडून राहावे लागले की सापाच्या पोटाची त्वचा बिघडते, खवल्यांच्या कडा तांबूस होतात, पुढे पाण्याचे फोड येतात आणि त्यांत जिवाणूंचा संसर्ग झाला तर तो रक्तात पसरून साप दगावूही शकतो. भिजलेला भुसा आजच काढून टाकावा, पेटी धुऊन कोरडी करावी, खाली साधे कागदी टॉवेल अंथरून ते मळताच बदलावेत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना साप दाखवावा. घरातले कोणतेही मलम परस्पर लावू नये.

त्याच भेटीत डोळाही दाखवता येईल. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर त्याचाही वरचा थर निघतो. तो अडकला तर नखाने, चिमट्याने किंवा चिकटपट्टीने ओढण्याचा मोह होतो, पण खालचा नवा खवला त्याबरोबर उपटला गेला तर डोळा कायमचा जायबंदी होतो. हवा पुरेशी दमट ठेवली तर राहिलेला थर बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर सुटतो. शेपटीच्या टोकाकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण तिथे राहिलेले कातीचे कडे वाळून आवळते आणि रक्तपुरवठा तोडते. अंगावर राहिलेल्या तुकड्यांसाठी सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टॉवेलमधून सापाला वीसेक मिनिटे स्वतःहून सरकू द्यावे. मात्र पोटाची त्वचा बरी होईपर्यंत हाही उपाय पशुवैद्यांना विचारूनच करावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मापकावर दिसतो तो आकडा सापेक्ष आर्द्रतेचा असतो, म्हणजे त्या तापमानाची हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे, एवढेच तो सांगतो. तापलेली हवा अधिक वाफ धरू शकते, त्यामुळे वाफ तितकीच राहून हवा तापली की टक्केवारी घसरते. बाहेरची शून्य अंशाची, वाफेने पूर्ण भरलेली हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता जेमतेम २३ टक्के उरते आणि तीच हवा आपल्या दिव्याखाली ३२ अंशांवर गेली की ती तेराच्या आसपास येते. तापलेली हवा वर चढून जाळीतून निघून जाते आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा खालून शिरते, त्यामुळे झाकण उघडे आणि दिवा चालू असेपर्यंत कितीही पाणी फवारले तरी ते शेवटी आपल्या दिवाणखान्याला मिळते, सापाला नाही. फवारणीची बाटली हे या छंदातले सर्वांत फसवे साधन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती काच ओली करते, काटा हलवते आणि आपण काहीतरी केल्याचे समाधान देते.

म्हणून पहिले काम झाकणाचे. जाळीचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग बाहेरून जाड ॲल्युमिनियम फॉइलने झाकावा आणि दिव्याभोवतीची जागा मोकळी ठेवावी. फॉइल बसवताना चिकटपट्टी पेटीच्या आतल्या बाजूला कधीही लावू नये. तिला चिकटलेला साप सोडवताना त्याची कातडी सोलून निघते. पुढेमागे पेटी बदलायची झाली तर समोरून उघडणारी, बंद छताची पीव्हीसीची पेटी घ्यावी.

दुसरे काम तळाचे. खवले पूर्ण बरे झाल्यावर कागद काढून नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा सायप्रसच्या सालींचा चुरा सात ते दहा सेंटिमीटर जाडीचा अंथरावा. पाणी वरून न शिंपडता पेटीच्या कोपऱ्यांत ओतावे, म्हणजे ते तळाशी पसरते, खालचा थर ओलसर राहतो, त्यातून वाफ हळूहळू वर येत राहते आणि साप ज्यावर पडतो तो वरचा थर हाताला कोरडा लागतो. एका कोपऱ्यात बोट खुपसून खाली ओल आहे का आणि वर तळवा ठेवून कोरडे आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. आपला भुसा ॲस्पेनच्या लाकडाचा असावा असा अंदाज आहे. तो कॉर्न स्नेकसारख्या ४० ते ६० टक्के आर्द्रतेत सुखी असणाऱ्या सापांना चालतो, पण भिजला की त्याला बुरशी येते. देवदाराचा भुसा मात्र कोणत्याच सापाला नको, कारण त्यातली सुगंधी तेले बाधतात.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या देशांच्या गवताळ मुलखातला साप आहे. तिथे कोरड्या ऋतूत उघड्यावरची हवा रखरखीत असते, पण हा साप दिवस काढतो तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत, जिथली हवा वरच्या हवेपेक्षा बरीच दमट असते. आपल्याला पेटीत हेच साधायचे आहे. त्यासाठी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला साप सहज जाईल एवढे गोल भोक पाडून, कडा घासून गुळगुळीत करून, आत भिजवून घट्ट पिळलेले स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) भरावे आणि तो डबा पेटीच्या मध्यावर ठेवावा. डोळे निळसर-दुधी झाले आणि पोटाला गुलाबी छटा आली की कात जवळ आली असे समजावे. या दिवसांत जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो आणि त्याच्याच आधारे जुनी कात सुटते. हवा कोरडी असेल तर ती सुटण्याआधीच वाळून चिकटते. डोळे पुन्हा स्वच्छ झाले म्हणजे कात टाकायला अजून काही दिवस असतात, तेव्हा त्या टप्प्यावर डबा काढून घेण्याची घाई करू नये.

काचेवरचा काट्याचा मापक बदलावा. तारेच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल मापक घ्यावेत आणि एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही सापाच्या उंचीवर ठेवावेत. मापक खरे सांगतो का, हे मिठाने तपासता येते: बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यात जेमतेम ओलसर होईल इतके पाण्याचे थेंब घालावेत, ते मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे, सकाळी आकडा ७५च्या जवळ दिसला पाहिजे. गरम बाजूला ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २५ ते २७ अंश आणि थंड बाजूची आर्द्रता ६० ते ७५ टक्के एवढे सांभाळावे. थंड बाजूला २६ अंशांवर ६० टक्के असेल तर तीच हवा ३२ अंशांवर ४२ टक्के दाखवते. हा फरक पाहून घाबरून पुन्हा बाटली उचलू नये.

प्रश्न : आमचा प्रश्न नेमका उलटा आहे. डोंबिवलीत जुलै महिन्यात खोलीतली आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर जाते. बॉल पायथनच्या पेटीतली हवा कोरडी करण्यासाठी त्या खोलीत एसी लावावा का? पेटीतला हीटिंग पॅड आम्ही पावसाळ्यात बंदच ठेवतो.

उत्तर : एसी लावू नये आणि पॅड बंद ठेवू नये. खोलीतली २७ अंशांची, ८८ टक्के आर्द्रतेची हवा पेटीच्या गरम बाजूला ३२ अंशांवर गेली की आपोआप ६६ टक्क्यांवर येते. म्हणजे ज्या उपकरणाने आपले काम फुकटात होते तेच आपण बंद करून ठेवले आहे. पॅड थर्मोस्टॅटला (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाला) जोडूनच चालवावा, नाहीतर तो सापाचे पोट भाजतो. पावसाळ्यापुरता नारळाचा भुसा काढून कागद अंथरावा, पाण्याचे भांडे लहान घेऊन थंड बाजूला ठेवावे आणि हवेच्या झरोक्यांवर काही झाकलेले असेल तर ते काढावे. दमट हवा या सापाला सोसते. दमटपणा, गारठा आणि कोंडलेली हवा एकत्र आली की मात्र फुप्फुसांचा संसर्ग होतो. पावसात वीज जाते तेव्हा पेटीवर जाड पांघरूण टाकून ऊब धरावी, झरोके मात्र मोकळे राहू द्यावेत.

आपण नोंदणीचा उल्लेख केलेला नाही, म्हणून सांगतो. बॉल पायथन साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने, वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पत्राच्या शेवटी आपण अंगणात सापडलेल्या धामणीच्या पिल्लाला याच पद्धतीने ठेवता येईल का, असे विचारले आहे. तसे ठेवणे बेकायदा आहे; ते पिल्लू वनखात्याच्या ताब्यात द्यावे.

आपल्या पायथनच्या नाकातोंडाशी फेस किंवा बुडबुडे दिसले, श्वासाला शिट्टीसारखा किंवा घरघर असा आवाज येऊ लागला, किंवा तो तोंड उघडे ठेवून मान उंच धरून बसू लागला, तर पेटीतले आकडे जुळवत बसू नये; त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.