डिफेन्सिव्ह टॅकलवरचा तुझा पहिला रिपोर्ट वाचून

चि.,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या एका डिफेन्सिव्ह टॅकलवरचा, म्हणजे बचावाच्या पुढच्या ओळीत मधे उभ्या राहणाऱ्या मुलावरचा, तुझा चार पानी रिपोर्ट शनिवारी रात्री वाचला आणि रविवारी देवळातून आल्यावर पुन्हा वाचला. देऊळ म्हणजे पेन हिल्सचं वेंकटेश्वराचं. पिट्सबर्गची आपली मंडळी ज्या पेन हिल्समध्ये दर रविवारी गाड्या लावायला जागा शोधत फिरतात, तिथल्याच हायस्कूलमधून ॲरन डोनाल्ड आला, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेला डिफेन्सिव्ह टॅकल. तिकडून परतताना मला दर वेळी तो आठवतो, आणि या वेळी तुझा रिपोर्टही आठवला.

नीटनेटका लिहिलायस. पण वाचून झाल्यावर मला हा मुलगा दिसला नाही. उंची दिसली, वजन दिसलं, साडेसात सॅक दिसल्या (सॅक म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं; दोघांनी मिळून पाडलं तर अर्धी-अर्धी), चाळीस यार्ड पळायची वेळ दिसली. तो अंगावर आलेल्या माणसाचं करतो काय, हे चार पानांत कुठेच नाही.

आधी आकड्यांचं बोलून घेऊ. तू स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी. मी आकड्यांविरुद्ध ब्र काढला तरी तुझं नाक लाल होतं. तुझ्याच ओहायो स्टेट विद्यापीठाचा व्हर्नन गोल्स्टन घे. २००७ च्या मोसमात १४ सॅक. कंबाइनमध्ये, म्हणजे एनएफएलच्या शारीरिक चाचण्यांत, २२५ पौंडांचा, म्हणजे १०२ किलोंचा बार त्यानं ३७ वेळा उचलला. २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, न्यूयॉर्क जेट्सनं त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. एनएफएलमध्ये त्याच्या नावावर सॅक किती? शून्य. अर्धीसुद्धा नाही. आता डनील हंटर बघ. एलएसयूमधल्या, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठातल्या, शेवटच्या मोसमात दीड सॅक. मिनेसोटा व्हायकिंग्जनं २०१५ मध्ये तिसऱ्या फेरीत, ८८ व्या क्रमांकावर उचलला. २०१८ मध्ये त्यानं साडेचौदा सॅक काढल्या आणि २०१९ मध्ये पुन्हा साडेचौदा.

म्हणून आकडे खोटे, असं लगेच ठरवू नकोस. डोनाल्डनं २०१३ मध्ये पिटकडून, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठाकडून, खेळताना ११ सॅक काढल्या होत्या आणि डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या मागेच माणूस आडवा केल्याचे साडेअठ्ठावीस टॅकल केले होते. आकडे बोंबलून सांगत होते. लोक मात्र फूटपट्टी घेऊन बसले: जेमतेम सहा फूट एक इंच, २८५ पौंड, हाताची लांबी ३३ इंचांहून कमी. तो १३ व्या क्रमांकावर रॅम्सकडे गेला आणि पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. आपल्या पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाचा नंबर होता १५ वा. पिट आणि स्टीलर्स एकाच आवारात सराव करतात, म्हणजे हा मुलगा रोज त्यांच्या खिडकीखालून जात-येत होता. इथल्या लोकांसमोर हा विषय काढू नकोस, जेवण लांबतं.

या तिघांची उत्तरं तीन दिशांना जातात. म्हणून सॅक ही शेवटची ओळ समज आणि वरचं गणित तपासायला शीक. हे मला फुकट कळलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका एज रशरवर, म्हणजे ओळीच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यावर, मी दुसऱ्या फेरीचा शेरा मारला होता. मोसमात दहा सॅक, आणखी काय हवं? तो गेला पाचव्या फेरीत आणि दोन वर्षांत लीगबाहेर पडला. तेव्हा मी मुकाट्यानं त्याची फिल्म पुन्हा काढली. दहापैकी तीनदा त्याला कुणी अडवलंच नव्हतं. दोनदा क्वार्टरबॅक चार-चार सेकंद चेंडू कवटाळून उभा होता. दोनदा दुसऱ्याच्या धाकानं पळत सुटलेला क्वार्टरबॅक याच्या मिठीत येऊन पडला. उरल्या तीन, त्यांतल्या दोन एकाच दुपारी, आक्रमणाकडच्या एकाच नवख्या टॅकलवर. हे सगळं फिल्ममध्ये आधीपासून होतं. मी बेरीज बघितली होती.

आता तुझ्या रिपोर्टातल्या मुलाचा एक स्नॅप, म्हणजे एक डाव, घेऊ. तिसरा सामना, दुसरा क्वार्टर, थर्ड अँड एट, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि आठ यार्ड बाकी. तो आक्रमणाच्या ओळीतल्या गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर उभा आहे, ज्याला आपण थ्री-टेक्निक म्हणतो. चेंडू हलतो. गार्ड बूड उचलायच्या आत याचा पहिला पाय पुढे पडलेला असतो. इथे मी थांबवून दोनदा बघितलं, कारण ही गोष्ट शिकवून येत नाही. मग गार्डचे दोन्ही तळवे येतात, थेट छातीच्या मधोमध. आणि या वेळी आपल्या पठ्ठ्याचे हात कुठे आहेत? कमरेपाशी. ते वर येईतो पकड बसलेली. ताकद दांडगी असल्यामुळे तो गार्डला दोन यार्ड मागे रेटतो, क्वार्टरबॅक दचकून डावीकडे सरकतो आणि तिकडून आलेला एज रशर त्याला पाडतो. तू लिहिलंयस: ‘प्रभावी दबाव’. मी लिहीन: ‘पाय पहिला, हात दुसरे, छाती उघडी, ताकदीवर निभावलं.’ समोरचा गार्ड एकोणीस वर्षांचा होता. रविवारच्या लीगमधला, म्हणजे एनएफएलमधला, तिशीचा गार्ड एकदा पकड बसली की संध्याकाळपर्यंत सोडत नाही.

कुस्तीत खडाखडी असते ना, पकड घेण्याआधी मनगटं, कोपर, मान यांवरून चाललेली ती हातघाई? बचावाच्या ओळीतलं निम्मं काम तेच आहे, फक्त इथे ती अर्ध्या सेकंदात उरकावी लागते. समोरच्याचे हात आपल्याला लागण्याआधी ते झटकायचे, खाली दाबायचे किंवा त्यांच्या वरून काखेत घुसायचं. डोनाल्डची उंची कमी पडली नाही ती यामुळे. त्याला धरायला जावं तर हातात काही लागायचं नाही. हातांच्या लांबीचं मोजमाप मी मानतो, साडेतीस इंची हात आतल्या माणसाला जड जातात. पण ३४ इंची हात उशिरा येत असतील तर ते लांब हात फक्त टेपवर लांब.

दुसरा स्नॅप तुझ्या रिपोर्टात नाहीच. चौथा सामना, फर्स्ट अँड टेन, गार्ड आणि त्याच्या शेजारचा सेंटर दोघं मिळून त्याच्यावर येतात. सहाशे पौंडांहून जास्त मांस. तो मागे जात नाही, एक गुडघा टेकतो, खांदा दोघांच्या फटीत घालतो आणि तिथेच ढीग करून बसतो. त्यामुळे त्या दोघांतल्या एकालाही पुढे, बचावाच्या ओळीमागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरपर्यंत पोचता येत नाही. मोकळा लाइनबॅकर एका यार्डात धावणाऱ्याला गाठतो. टॅकल लाइनबॅकरच्या नावे, आपल्या मुलाच्या खात्यात काही नाही. माझ्या वहीत मात्र त्या सामन्यातला त्याचा सगळ्यात चांगला स्नॅप हाच आहे. असे स्नॅप टीव्हीच्या फिल्मवर नीट दिसत नाहीत, हे मान्य. कॅमेरा चेंडूमागे पळतो. एंड झोनच्या मागच्या कॅमेऱ्याचं चित्रण कुणाकडून मिळालं तर ते आधी बघ. हात आणि कंबर तिथूनच कळते.

कॉलेजचा खेळ आणि पैशाचा खेळ यांत नियमांचाही फरक आहे, तो तू धरलेला नाहीस. पासच्या वेळी कॉलेजमध्ये आक्रमणाच्या लाइनमनला रेषेपुढे तीन यार्ड जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे कॉलेजात धाव की पास हे शेवटपर्यंत झाकून ठेवता येतं आणि बिचारा डिफेन्सिव्ह टॅकल धावीचा माणूस म्हणून भिडतो, तोवर चेंडू फेकून झालेला असतो. अशा स्नॅपवर ‘पास रश कमी’, म्हणजे पासच्या वेळी क्वार्टरबॅकवर चढाई कमी, असा शेरा मारणं म्हणजे बस सुटल्यावर थांब्यावर आलेल्याला धावता येत नाही म्हणणं. खऱ्याखुऱ्या पासचे स्नॅप वेगळे काढ. तुझ्या पाच सामन्यांत ते सत्तर-ऐंशीच निघतील. तेवढ्यांवर बोल.

तसंच, तो कुणाच्या शेजारी आणि कोणत्या कामावर होता हे विचार. २०२१ च्या जॉर्जिया विद्यापीठाच्या बचावातले पाच जण २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत गेले, त्यांतले तिघे याच ओळीतले. ट्रॅव्हॉन वॉकर त्या मोसमात सहा सॅक काढून अख्ख्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला. जॉर्डन डेव्हिस, ३४१ पौंडांचा, चाळीस यार्ड ४.७८ सेकंदांत पळाला. म्हैस हरणासारखी धावावी तसं ते दृश्य होतं. पण पासच्या डावाला कॉलेजात तो बहुतेक वेळा बाहेरच असायचा. फिलाडेल्फिया ईगल्सनं त्याला १३ व्या क्रमांकावर घेतलं ते मधली भिंत म्हणून. भिंतीकडे सॅक मागायच्या नसतात. तुझ्या मुलाला समोरच्या ओळीतल्या दोन फटी सांभाळायला सांगितलं होतं की एकीतून घुसायला, याचं उत्तर आधी शोध. पहिल्या दोन सामन्यांत तो मला बांधून ठेवलेला वाटला, तिसऱ्यापासून सोडलाय. तिथे बहुधा काहीतरी बदललं.

कंबाइनबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या दहा यार्डांची वेळ आणि तीन शंकूंभोवतीचं वळण एवढं मी बघतो; चाळीस यार्ड सरळ पळायची वेळ या माणसांवर वर्षातून दोनदा येत असेल. १९९५ मध्ये माइक मामुलानं नेमक्या त्याच कसरतींची तयारी करून सगळ्यांचे डोळे दिपवले. ईगल्स क्रमांकांची अदलाबदल करून त्याच्यासाठी वर सरकले आणि त्यांनी त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. त्या अदलाबदलीत खाली गेलेल्या टॅम्पा बेला १२ व्या क्रमांकावर वॉरन सॅप मिळाला, जो आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत आहे. मामुला अगदीच टाकाऊ नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच्या साडेएकतीस सॅक आहेत. पण सॅप तो सॅप.

वय लिहायचं राहिलंय. कॉलेजच्या पाचव्या-सहाव्या वर्षी खेळणारा चोवीस वर्षांचा बाप्या एकोणिसाच्या पोरांना लोळवत असेल तर त्यातून थोडं वजा कर. दुखापती आणि स्वभाव यांवर तू एक परिच्छेद खर्ची घातलायस, तो काढून टाक. ते डॉक्टरांचं आणि मुलाखती घेणाऱ्यांचं काम, आपल्याला बाहेरून फक्त गावगप्पा मिळतात.

दोन शब्द खोडलेत, रागावू नकोस. एक ‘मोटर’, म्हणजे न थकता पळत राहण्याचा दम. ‘मोटर उत्तम’ असं प्रत्येक रिपोर्टात असतं, त्यामुळे त्याला काडीचा अर्थ उरलेला नाही. त्याऐवजी लिही की ५८ व्या स्नॅपला, चेंडू पलीकडच्या कडेला गेला असताना तो पंचवीस यार्ड तिरका पळाला की कमरेवर हात ठेवून बघत राहिला. दुसरं ‘नवा डोनाल्ड’. पेन हिल्सच्या त्या घरात बाप लेकाला पहाटे साडेचारला उठवून तळघरात व्यायामाला उतरवत असे. हे तुझ्या मुलाबद्दल तुला माहीत आहे का? नाही ना? मग नाव कशाला घ्यायचं.

फेरीचा शेरा इतक्यात देऊ नकोस. मी विचारलं तर ‘तिसरी’ म्हणेन, पण माझं तू ऐकू नयेस. पाचवा सामना पुन्हा लाव. चौथ्या क्वार्टरमध्ये, आठ मिनिटं उरली असताना, समोरचा मोठा सेंटर त्याला उचलून अक्षरशः पाठीवर आपटतो. टीव्हीवाल्यांनी ते तीनदा दाखवलंय, चुकणार नाही. त्यानंतरचा स्नॅप ते दाखवत नाहीत, पण कोपऱ्यात दिसतो. त्यात याचे हात कुठे आहेत ते मला तुझ्या शब्दांत लिहून पाठव, बुधवारपर्यंत जमलं तर बरं.

तुझा
काका