यर्ट, टिपी आणि तंबू: एकाच शब्दात भागेल का?

प्रश्न असा होता: एका प्रवासवर्णनाचं भाषांतर चाललंय, त्यात यर्ट (मध्य आशियातल्या भटक्या लोकांचं गोल घर) आणि टिपी (उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं उंच टोकदार घर) पानोपानी येतात, दोन्हीकडे सरसकट 'तंबू' लिहिलं तर चालेल का, की 'राहुटी' जास्त बरं? आणि विगवॅम म्हणजे टिपीच ना?

शेवटच्याचं आधी सांगून टाकतो. नाही, विगवॅम वेगळं. तो उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जंगलपट्ट्यातला शब्द, तिथल्या आबेनाकी वगैरे मूळ रहिवाशांच्या भाषांमधला. कोवळी झाडं वाकवून घुमटासारखा सांगाडा करायचा आणि त्यावर सालींचं नाहीतर चटयांचं आच्छादन. टिपी उंच, टोकदार, आणि मैदानी प्रदेशातली. हा गोंधळ खुद्द अमेरिकेतही आहे, तिथे 'विगवॅम' नावाची जुनी मोटेल्स आहेत, केंटकीत आणि अ‍ॅरिझोनात आजही उभी आहेत, आणि त्यांच्या काँक्रीटच्या खोल्यांचा आकार मात्र चक्क टिपीचा.

आता तंबू. मला वाटतं प्रत्येक ठिकाणी आधी बघावं की आत माणूस काय करतोय, राहतोय की सुट्टीला आलाय. कारण 'तंबू' म्हटलं की मराठी कानाला आज ठोकलाय आणि उद्या उठणार एवढंच ऐकू येतं, छावणी, सर्कस, ट्रेक. यर्ट आणि टिपी हे दोन्ही शब्द मुळात कापडाबद्दल किंवा खांबांबद्दल नाहीतच, ते राहण्याबद्दल आहेत, आणि तंबू लिहिलं की नेमकं तेच हरवतं.

यर्ट हा तुर्की कुळातला शब्द, मूळ उच्चार युर्तच्या जवळचा. त्याचा जुना अर्थ वस्तीची जागा, आपला मुलूख. आजच्या तुर्कीत युर्त म्हणजे मायदेश, आणि विद्यार्थ्यांचं हॉस्टेलसुद्धा, त्यामुळे तिथला पोरगा युर्तमध्ये राहतो म्हणाला तर तो चार मजली बिल्डिंगबद्दल बोलत असतो. रशियनमध्ये गेल्यावर त्याचं युर्ता झालं, अर्थ जागेवरून सरकून त्या गोल घरावर आला आणि तिथून तो युरोपभर पसरत इंग्रजीमार्गे आपल्याकडे पोचला. ज्यांची ती घरं आहेत ते लोक त्यांना निराळंच म्हणतात. कझाक भाषेत कीइझ उय, म्हणजे नमद्याचं घर (नमदा म्हणजे लोकर ओली करून, दाबून, लाटून केलेलं जाड कापड), किरगीझमध्ये बोझ उय, करडं घर. आणि मंगोलियनमध्ये नुसतं गेर. गेर म्हणजे घर! ऐकायला किती जवळचं वाटतं, पण हा निव्वळ योगायोग आहे, आपलं घर संस्कृत गृहवरून आलंय आणि मंगोलियन हे भाषांचं वेगळंच कुळ. तरी त्या शब्दाचा गोतावळा बघण्यासारखा आहे, गेर ब्युल म्हणजे कुटुंब, आणि गेरलेख म्हणजे लग्न करणं. आपण 'घर मांडलं' म्हणतो ना, अगदी तसं.

गेर उभं कसं करतात हे थोडं जवळून बघा, म्हणजे तंबू हा शब्द का तोकडा पडतो ते कळेल. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी, जुन्या लिफ्टच्या सरकत्या दारासारखी, मिटली की गठ्ठा आणि ताणली की भिंत. अशा जाळ्या गोलात बांधायच्या, त्यात लाकडी चौकट आणि दार, खरंखुरं दार, मंगोलियात दक्षिणेकडे तोंड करून. वर मधोमध एक लाकडी चाक, तूनो, आणि भिंतीपासून त्या चाकापर्यंत छत्रीच्या काड्यांसारखे वासे. मग नमदा, मग वरचं कापड, मग दोर. तूनोतून शेगडीचा धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो, आणि उन्हाचा तो कवडसा दिवसभर वाशांवरून, मग भिंतीवरून सरकत जातो, तो कुठे पोचलाय यावरून वेळ कळते. पाऊस-बर्फ आला की तूनोवर नमद्याचा चौकोनी तुकडा ओढून घेतात, त्याला म्हणतात ओर्ख. आणि मंगोलियनमध्ये ओर्खचा दुसरा अर्थ आहे कुटुंब, शिरगणतीतलं कुटुंब. आपल्याकडे शंभर उंबऱ्यांचं गाव म्हणतात, तिथे मोजणी त्या छपरावरच्या झाकणाने होते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की काय सांगू, दोन इतक्या लांबच्या भाषा आणि दोघींना घरं मोजायला घराचाच एक तुकडा उचलावासा वाटला.

कझाकमध्ये त्या चाकाला शानिराक म्हणतात, आणि शानिराक उभं करणं म्हणजे संसार थाटणं. कझाकस्तानच्या राजचिन्हात १९९२पासून ते चाक आहे, किरगिझस्तानच्या झेंड्यावरही आहे, तिथे त्याला तुंदुक म्हणतात. तंबूचं टोक कोणी झेंड्यावर घेईल का?

टिपीची गोष्ट तर याहून सरळ आहे. शब्द अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या लाकोटा-डकोटा या मूळ रहिवाशांचा, थी म्हणजे राहणं आणि पी हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे शब्दशः 'ते राहतात'. अख्खं वाक्यच घराचं नाव झालंय. (उच्चाराच्या दृष्टीने देवनागरीत थीपी जास्त जवळचं, कारण मुळात तो महाप्राण त आहे, ट आपल्याकडे इंग्रजीतून आला. पण टिपी आता रुळलंय, ते राहू द्या.) लाकोटात हा शब्द त्या टोकदार आकारापुरता नाहीच. चर्चला ते थीपी वाकान म्हणतात, पवित्र घर. वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर नावाचा तो प्रचंड खडक त्यांच्यासाठी मातो थीपिला, अस्वलाचं घर. तिथे अस्वलाचा तंबू लिहून बघा, लगेच कळेल काय बिघडतं ते.

टिपी बाईची असायची, आच्छादन शिवणं, उभारणं, उतरवणं सगळं तिच्या हातात. आधी बायसनच्या कातड्यांचं आच्छादन, नंतर कॅनव्हास. वर दोन कानांसारख्या झडपा, त्यांना बाहेरून दोन लांब काठ्या, वारा फिरला की काठ्या हलवून कान फिरवायचे म्हणजे धूर आत कोंडत नाही. आणि मुक्काम हलवताना काही खांब घोड्याला, त्याआधीच्या काळात कुत्र्याला, जोडून मागे फरफटत न्यायचे आणि सामान त्यावरच लादायचं. याला मराठीत आयता शब्द आहे, बिऱ्हाड! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो तेच. बिऱ्हाड हलतं तरी ते घर असतं, त्यात चूल असते, माणसं असतात. वाक्यात शोभेल तिथे हा शब्द बिनधास्त वापरा.

राहुटी मला तंबूपेक्षा बरी वाटते, कारण कानाला त्यात 'राहणं' ऐकू येतं, पण ती लहान, चारसहा माणसांची वाटते. मंगोल कुटुंबाचं पलंग, कपाटं, शेगडी असलेलं गेर राहुटीत मावत नाही. मंगोलियाची राजधानी उलानबातर, तिच्या कडेला तर अशा गेरच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत, कुंपण घातलेल्या, वर्षानुवर्षं तिथेच असलेल्या.

मौजेसाठीचं प्रकरण निराळं. अमेरिकेत विल्यम कॉपरथ्वेट नावाच्या माणसाने १९६०च्या दशकात यर्टची ओढ लावली, त्यांची यर्ट लाकडी, बाहेर कललेल्या भिंतींची होती. मग कापडी आली, आता ओरेगॉनच्या स्टेट पार्कांमध्ये भाड्याने मिळतात, स्कीइंगवाल्यांच्या मुक्कामाला असतात, योगवर्ग भरतात, लग्नांना मोठमोठ्या टिपी उभारतात. अशा ठिकाणी 'यर्ट तंबू' किंवा 'टिपीच्या आकाराचा तंबू' लिहा, काहीच बिघडत नाही. पण २०१६ साली अमेरिकेतल्या उत्तर डकोटात, स्टँडिंग रॉक या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशाजवळ, तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध लोक तळ ठोकून होते, तिथे टिपी आणि यर्ट शेजारी शेजारी होत्या, लोक डकोटातल्या थंडीत आत राहत होते. तळ म्हणा, छावणी म्हणा, पण आतल्या जागेला यर्ट आणि टिपीच म्हणा.

तर तुमच्या पुस्तकापुरतं: पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'यर्ट, म्हणजे नमद्याचं गोल घर' आणि 'टिपी, म्हणजे खांबांचं उंच टोकदार घर' असं वाक्यातच उलगडून टाका, पुढे नुसतं यर्ट, टिपी. मंगोल माणूस बोलत असेल तर त्याच्या तोंडी गेर ठेवा, यर्ट नको. लिंगाचं विचाराल तर ई-कारान्त म्हणून ती टिपी, अनेकवचन टिप्या काहीजण करतात पण मी टिपीच ठेवतो. तो यर्ट बरेच जण म्हणतात, मनात तंबू असतो म्हणून, मी ती यर्ट म्हणतो. आणि गेर मात्र ते गेर, ते घर म्हणतो तसंच.