रशियातल्या डायटलॉव्ह खिंडीतल्या घटनेवरून भयकथा लिहायची आहे. बर्फ नसलेल्या सातपुड्यात ती जमेल का? आणि शेवटी उलगडा करावा की नाही?

जमेल. फक्त बर्फाच्या जागी धुकं आणि हिममानवाच्या जागी अश्वत्थामा, अशी अदलाबदल करून मोकळे होऊ नका. तशा कथा दर दिवाळीला दोन-चार येतात आणि तिसऱ्या पानावर भूत दिसलं की वाचक निवांत होतो.

मूळ घटना थोडक्यात सांगतो. १९५९ च्या जानेवारीत स्वेर्दलोव्हस्कच्या पॉलिटेक्निकची दहा जणांची टोळी स्कीवरून उत्तर उरल पर्वतात निघाली. म्होरक्या इगोर डायटलॉव्ह, वय २३. युरी युदिन दुखण्यामुळे २८ जानेवारीला मागे फिरला. उरलेल्या नऊ जणांनी १ फेब्रुवारीच्या रात्री खोलात स्याखल डोंगराच्या उतारावर तंबू ठोकला. २६ फेब्रुवारीला शोधपथकाला तो सापडला तेव्हा आतून फाडलेला होता. बूट, कोट आतच. खाली उतरत गेलेली पावलं मोज्यांची, काही तर अनवाणी. दीड किलोमीटरवर एका सीडरच्या झाडाखाली विझलेली शेकोटी आणि दोन प्रेतं, झाड आणि तंबूच्या मध्ये तीन. उरलेले चौघे मे महिन्यात एका घळीत बर्फाखाली सापडले. त्यातल्या काहींच्या बरगड्यांचा चुरा झालेला, एकीची जीभ नव्हती. ‘माणसाला न आवरणारी नैसर्गिक शक्ती’ असा शेरा मारून फाइल बंद झाली.

नवे लेखक हमखास त्या जिभेला धरतात. घळीत बर्फ वितळून पाणी वाहत होतं, त्यात मृतदेहाचे मऊ भाग राहत नाहीत. त्यात भयकथा नाही. मला भिववते ती तंबूबाहेरची रात्र. पावलांवरून दिसतं की ही माणसं धावली नव्हती, चालत गेली होती. त्यांनी फांद्या मोडून जाळ केला. गेलेल्या सोबत्यांच्या अंगावरचे कपडे काढून जिवंत असलेल्यांनी घातले. बर्फात आडोसा खणला. तिघे तर परत तंबूकडे निघालेले दिसतात. एकूण एक निर्णय शहाण्या माणसाचा, आणि तरी कोणी वाचलं नाही. तुमच्या कथेत हे आलं पाहिजे. वेडगळ पोरं रात्री जंगलात जातात आणि मरतात, ही कथा कोणालाही लिहिता येते.

दुसरं म्हणजे, कारण तुम्हाला स्वतःला पक्कं ठाऊक हवं. २०२१ मध्ये गोम आणि पुझ्रिन या दोन संशोधकांनी गणित मांडून दाखवलं, की तंबूसाठी उतार कापला गेला, वाऱ्याने वरून बर्फ आणून साचवला आणि काही तासांनी त्याची लादी सुटून झोपलेल्यांवर आली, असं घडू शकतं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण उत्तर वाचूनही माझी भीती कमी झाली नाही. म्हणजे उत्तर असण्याने कथा मरत नाही, ते कुठे ठेवता यावर सगळं आहे.

आता आपला सातपुडा. झोपलेली माणसं बूट न घालता तंबू फाडून पळतील असं आपल्याकडे काय आहे? बिबट्या नको, त्याला ठसे असतात. माझं मत आग्या मोहोळाला. कड्याच्या कपारीखाली हातभर लांबीचं काळं पोळं लटकलेलं असतं, जवळ काही हललं की त्यावरून लाट सरकते, शेतातल्या पिकावरून वारा जावा तशी. चांदण्या रात्री या माश्या उडतात, आणि अंधारात चवताळल्या तर उजेडावर येतात. खाली शेकोटी पेटवली आणि धूर वर गेला की पुढचं सांगायला नको. ज्याच्या हातात बॅटरी तो पहिला सापडणार. बॅटऱ्या फेकल्या जातील, अंगातले स्वेटर ओरबाडून काढले जातील, कोणी अंधारात कड्यावरून जाईल, कोणी कुंडात उतरून पाण्याखाली डोकं धरून बसेल. चार दिवसांनी बघणाऱ्याला काय दिसेल? फाडलेला तंबू, लांब लांब पडलेल्या बॅटऱ्या आणि उघडी प्रेतं.

काळ होळीच्या आधीचा घ्या. चांदणं आपोआप मिळतं, पळस फुललेला असतो म्हणून मोहोळंही असतात. भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या गडबडीत पाड्यावरची माणसं दरीकडे फिरकणार नाहीत, त्यामुळे शोध उशिरा लागेल. तोवर उन्हाने प्रेतांची अशी अवस्था होईल की डंख सहज ओळखू येणार नाहीत. रात्री लांबून ढोल ऐकू येतील ते वेगळंच. नऊ माणसं मात्र नकोत, वाचकाला नावं लक्षात राहत नाहीत. चार पुरेत, आणि पाचवा मागे फिरलेला.

अश्वत्थामा आणायचाच असेल तर थट्टेत आणा. उरलमधल्या त्या पोरांनी तंबूत एक गमतीचं भित्तिपत्रक लिहिलं होतं, त्यात ओटॉर्टेन डोंगराजवळ हिममानव राहत असल्याची बातमी होती! तुमची शिरपूरची पोरंही समोर अश्वत्थाम्याचा डोंगर अस्तंभा बघून एकमेकांना छेडतील, ‘तेल लई उना का रे भो?’ (तेल घेऊन आलास का?) जखमेला तेल मागत फिरणारा तो, हे खानदेशातल्या वाचकाला सांगावं लागत नाही. मग पंचनाम्यात खोबरेल तेलाची रिकामी बाटली येऊ द्या, झाकण उघडं. डंखांवर चोळायला कोणीतरी ती ओतली होती, हे फक्त तुम्हाला माहीत.

पंचनामा पाचव्याच्या तोंडून सांगा. युदिनला मित्रांचं सामान ओळखायला बसवलं होतं. तुमचा निवेदक धडगावहून गुडघा धरून एसटीने परतलेला. पोलीस ठाण्यात सतरंजीवर मांडलेल्या वस्तू तो एकेक करून सांगतोय, ही सॅक याची, तो चष्मा त्याचा. बाटली कोणाची हे सांगताना त्याला शेकोटीजवळची थट्टा आठवते. इथे तुम्ही एक शब्दही जास्त लिहू नका.

एक पथ्य पाळाच. १९५९ मध्ये पहिला संशय तिथल्या मान्सी आदिवासींवर गेला होता आणि तो खोटा निघाला. तुमच्या कथेतले पोलीसही आधी पाड्यावर जातील, ते खरंच वाटेल. पण कथेने त्यांच्या मागे जाऊ नये. नरबळी, काळी जादू, ‘भिल्लांचा शाप’ असलं काही लिहिलंत तर कथा तिथेच बाद समजा. उलट कड्याकडे बघून ज्याला सगळं कळतं, असा माणूस पाड्यावरचाच असू द्या. त्याला कोणी विचारत नाही, म्हणून तो सांगत नाही.

म्हणून उलगडा करावा का, याचं माझं उत्तर असं: लेखकाने पूर्ण करावा, वाचकाला तुकड्यांत द्यावा. शेकोटीची राख, वर कातळावर पोळं सुटून गेल्याचा मेणाचा डाग, बाटली. ‘मोहोळ’ हा शब्द कथेत कुठेच येऊ देऊ नका. दहातल्या दोन वाचकांना कळेल आणि ते बाकीच्या आठांशी वाद घालतील.

खऱ्या नऊ जणांची नावं मात्र वापरू नका. प्रेरणा म्हणून एक ओळ शेवटी टाकली तर पुरे.