फ्रीरेडियसच्या नोंदीतील स्वल्पविराम

प्रश्न : महाविद्यालयाच्या वाय-फायसाठी बसवलेल्या फ्रीरेडियस या, वापरकर्त्यांची ओळख तपासून प्रवेश देणाऱ्या सर्व्हरच्या ‘यूझर्स’ फाइलमध्ये मी नवी नोंद केली, तेव्हापासून सर्व्हर सुरूच होत नाही. चूक कुठे शोधावी?

उत्तर : नोंदीची पहिली ओळ आधी तपासावी. तिच्यात वापरकर्त्याचे नाव आणि तपासणीच्या अटी असतात. अटींच्या मध्ये स्वल्पविराम हवा, पण ओळीच्या शेवटी तो चालत नाही. उत्तरादाखल पाठवायची मूल्ये खालच्या ओळींवर, सुरुवातीला मोकळी जागा सोडून लिहावीत आणि तेथे मात्र शेवटची वगळता प्रत्येक ओळ स्वल्पविरामाने संपवावी. पासवर्डसाठी := हेच चिन्ह वापरावे. == ने मूल्य ठरत नाही, केवळ तुलना होते, आणि ही चूक अधिक त्रासदायक आहे, कारण सर्व्हर सुरळीत सुरू होऊनही प्रवेश नाकारतो. बदलानंतर सर्व्हर डीबग पद्धतीने, म्हणजे प्रत्येक पायरी पडद्यावर दाखवत, चालवावा. चुकलेल्या ओळीचा क्रमांक पडद्यावर दिसतो.